एका अतिदुर्मिळ नावाची जाहीर नोटीस

मुरबाड तालुक्यातल्या वैशाखरे गावाच्या वरच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका वाडीत पंढरी लखमा मेंगाळ यांना मुलगा झाला. मूल तीन किलो दोनशे ग्रॅम वजनाचे, आवाजाने खणखणीत आणि कोणत्याही कागदपत्राविना आले. त्याच आठवड्यात जन्माची नोंद झाली. तारीख, वेळ, आईचे नाव, बापाचे नाव, सगळे रकाने भरले गेले. फक्त मुलाच्या नावाचा रकाना पंढरीने रिकामा ठेवायला लावला. तो रकाना घाईत भरला की पुढे माणसाचे काय होते, याचा अनुभव त्याच्या गाठीशी होता.

पंढरी मुरबाडला एका सरकारी कार्यालयात आवक-जावक शाखेत कारकून. शाळेत त्याच्या वर्गात पाच पंढरी होते. मास्तर ‘पंढरी’ म्हणाले की पाचही उभे राहत आणि छडी जवळच्या पंढरीला मिळे. पंढरी पहिल्या बाकावर बसायचा. कार्यालयात चार पंढरी होते, म्हणजे एकाने परिस्थिती सुधारली होती. तरी आरोग्य शिबिराचे रिपोर्ट आले तेव्हा याने तीन महिने तेल, मीठ आणि सुकी मासळी सोडली. रिपोर्ट भांडार शाखेतल्या पंढरीचा निघाला, जो त्या तीन महिन्यांत आणखी सुटला होता. पुढे त्याच भांडारवाल्या पंढरीच्या गैरहजेरीबद्दल याला ‘कारणे दाखवा’ नोटीस आली. याने घाबरून कारणे दाखवली. ती मान्यही झाली.

तेव्हा आपल्या मुलाचे नाव असे असावे की ते उच्चारल्यावर जगात एकच माणूस मागे वळून बघेल, एवढीच पंढरीची इच्छा होती. इच्छा लहान होती. पण तिची अंमलबजावणी त्याने हाती घेतली.

वाडीत नेटवर्क फक्त हिरड्याच्या झाडाखाली येते. तिथे आठ दिवस उभे राहून त्याने नावांच्या याद्या धुंडाळल्या आणि अखेर त्याला हवे ते सापडले : ऋव्यान. एका ठिकाणी लिहिले होते, उगम संस्कृत, अर्थ सूर्याचा पहिला किरण. दुसऱ्या ठिकाणी, उगम फारसी, अर्थ शूर सेनापती. तिसरीकडे त्याचा अर्थ शांत झरा होता आणि चौथीकडे सर्वांचा लाडका. एका बाबतीत मात्र चौघांचेही एकमत होते. लोकप्रियता : शून्य.

“लोकांनी विचारलं तर अर्थ कुठला सांगायचा पण?” काजलने, म्हणजे त्याच्या बायकोने विचारले.

“ज्याला जो पटंल तो. चार हायेत.”

लखमाबाबांची, म्हणजे पंढरीच्या वडिलांची, नावाबाबतची कसोटी निराळी होती. वाडीचे दोन तुकडे, मधे ओहोळ. अलीकडून मारलेली हाळी पलीकडे पोचली तर ते नाव. नाही पोचली तर तो नुसता आवाज. लखमा, तानी, बारकी ही सगळी या कसोटीला उतरलेली नावे. म्हातारा काठावर गेला, दोन्ही हात तोंडाशी धरून त्याने तीनदा ‘ऋव्यान’ अशी हाळी मारली. पलीकडे राहणारी पंढरीची बहीण तानी तिसऱ्या वेळी बाहेर आली आणि तिकडे कोणाला बरे नाय का, म्हणून विचारू लागली.

“वाटंतच बसतंय रे नाव,” म्हातारा परत येऊन म्हणाला. “पलीकडं जातच नाय.”

“बाबा, त्याला ओहोळापलीकडं नाय, जगात जायचंय.”

“मंग जगातनं जेवायला कसा बोलवशील?”

पंढरीला वेगळीच शंका खात होती. फोन म्हणतो शून्य. पण फोनचे काय, फोनने याआधी वाडीत पावसाचा अंदाजही सांगितला होता. मुरबाड तालुक्यात कुठे एखादा ऋव्यान आधीच रांगत असला तर? काजलचे माहेर शहापूरकडचे, म्हणजे तो तालुकाही तपासायला हवा. कारकुनाला शंका आली की तो अर्ज करतो. पंढरीने केला. विषय : माझ्या मुलाचे नाव दुर्मिळ असल्याबाबतचा दाखला मिळणेबाबत.

अर्ज आवक शाखेत त्यानेच घेतला, त्याला क्रमांक त्यानेच दिला आणि तो अव्वल कारकून रत्नप्रभा मॅडम यांच्या टेबलावर त्यानेच नेऊन ठेवला. मॅडमची बत्तीस वर्षे नोकरी झाली होती आणि त्यांनी एकही अर्ज नाकारला नव्हता. त्या फक्त त्याला पुढे पाठवत. हा अर्ज मात्र त्यांनी दोनदा वाचला.

“असा दाखला देण्याची तरतूद नाही, मेंगाळ.”

पंढरीचा चेहरा उतरला.

“पण न देण्याचीही तरतूद नाही,” मॅडम म्हणाल्या. “म्हणजे चौकशी करावी लागेल.”

चौकशीचा मार्ग सरळ होता. नाव दुर्मिळ आहे की नाही हे ठरवायचे तर ते कोणाला आहे का, हे लोकांना विचारले पाहिजे. लोकांना विचारायचे तर नाव त्यांना सांगितले पाहिजे. नुसते नाव सांगून लोकांना बोध होणार नाही, म्हणून उगम आणि अर्थही दिला पाहिजे. चारपैकी कोणता अर्थ द्यावा, यावर कार्यालयात दोन दिवस चर्चा झाली आणि कोणावर अन्याय नको म्हणून चारही देण्यात आले. नोटीस निघाली ती अशी :

‘तमाम जनतेस कळविण्यात येते की, ऋव्यान (सूर्याचा पहिला किरण / शूर सेनापती / शांत झरा / सर्वांचा लाडका) हे अतिदुर्मिळ, आकर्षक व आजवर कोणीही न ठेवलेले नाव एका अर्जदाराने आपल्या मुलाकरिता पसंत केले आहे. सदर नाव कोणी धारण करीत असल्यास पंधरा दिवसांत लेखी हरकत घ्यावी. मुदतीनंतर कोणाचेही काही ऐकून घेतले जाणार नाही.’

‘आकर्षक’ हा शब्द पंढरीने आपल्या हाताने घातला होता. त्याला वाटले, शोभा येईल.

नोटीस मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतल्या ग्रामपंचायतींच्या फळ्यांवर लागली. एरवी या फळ्यांवरची नोटीस वाचायला गावात एखादाच निवृत्त माणूस असतो. या नोटिशीचे फोटो निघाले आणि संध्याकाळच्या आत ते व्हॉट्सअॅपवर भावकीच्या, बचतगटाच्या आणि क्रिकेट संघांच्या ग्रुपवर फिरले. शेवटचे वाक्य तर लोकांनी फारच मनावर घेतले. पंधरा दिवसांनंतर काही ऐकून घेतले जाणार नाही, म्हणजे जे काय करायचे ते पंधरा दिवसांत.

इकडे बारसे लांबत चालले. बाराव्या दिवशी करायचे असते म्हणून त्याला बारसे म्हणतात. पंढरीच्या मुलाचा तिसावा दिवस उजाडला तरी लसीकरणाच्या कार्डावर ‘काजलचे बाळ’ एवढेच होते. चौकशी चालू असताना नाव वापरणे नियमाला धरून झाले नसते. त्या काळात एका सकाळी पंढरी मुरबाडला जाण्यासाठी वैशाखऱ्याहून जीपमध्ये बसला, तेव्हा समोरच्या काचेवर लाल रेडियममध्ये नवे नाव चमकत होते : ऋव्यान. जीपवाल्या काळूरामने त्याला मुद्दाम पुढची सीट दिली.

“तुमच्या हापिसाचे लय उपकार हायेत भाऊ. आमी पोराचं बंटी ठेवनार होतो.”

दोन वळणांनंतर काळूरामला माणुसकी म्हणून विचारावेसे वाटले.

“तुमी तुमच्या पोराचं काय ठेवलाव?”

“ऋव्यान,” पंढरी म्हणाला.

“आमचंच व्हय?” काळूरामने गिअर बदलला. “ठेवा ठेवा. आमाला काय हरकत नाय.”

पंधरा दिवसांची मुदत संपली, तेव्हा रत्नप्रभा मॅडमनी पंढरीला बोलावून फाईल समोर केली. त्यांच्या तोंडावर समाधान होते.

“एकही हरकत आली नाही, मेंगाळ. इतकं बिनविरोध प्रकरण मी नोकरीत पाहिलं नाही. उलट सदतीस पत्रं आलीत, सगळी नावाला पाठिंबा देणारी.”

सदतीस पत्रे सदतीस ऋव्यानांच्या पालकांची होती. शहापूरच्या एका कुटुंबाने जुळ्या दोघांनाही तेच नाव दिले होते, कारण कोणाला द्यायचे यावर दोन आज्यांचे एकमत होईना. धोंडीबाई नावाच्या एका बाईंनी कळवले होते की नात झाली असल्याने नाव वासराला दिले आहे, चालेल का. अडतिसावे पत्र नव्हते, पण मॅडम जराशा संकोचून म्हणाल्या की त्यांच्या भाचीनेही मुलाचे हेच ठेवले; फाईल घरी नेली होती, त्यामुळे तिला सगळ्यांत आधी कळले.

दाखला रीतसर मिळाला. गोल शिक्का, जावक क्रमांक, सही. ‘प्रमाणित करण्यात येते की, ऋव्यान हे नाव नोटीस प्रसिद्ध होण्याच्या दिनांकास दुर्मिळ होते.’

तो दाखला घेऊन पंढरी दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत गेला. कागद हातात असला की माणूस सहजासहजी हार मानत नाही. अंगणवाडीची स्नेहलताई हुशार मुलगी. तिने दाखला दोन्ही बाजूंनी पाहिला आणि रजिस्टर उघडले. अंगणवाडीच्या हद्दीतल्या चार वाड्यांत चार ऋव्यान आधीच नोंदले गेले होते.

“तुमचा पाचवा, दादा. घोळ नको म्हणून मी बापाचं अक्षर लावते.” तिने पेन टेकवले. “ऋव्यान पं. लिहू?”

पंढरीला पहिला बाक दिसला. मास्तरांचा हात दिसला. त्याने रजिस्टरवर आपला पंजा आडवा ठेवला आणि म्हणाला, “नको गो बाय. कोराच राहू दे.”

त्यानंतर त्याने आणि काजलने दुसरे नाव ठरवले. या वेळी हिरड्याखाली कोणी गेले नाही. उगम विचारला नाही, अर्थ पाहिला नाही, लोकप्रियता तर मुळीच नाही. नाव त्यांच्याच चुलीपुढे सुचले आणि चुलीपुढेच राहिले. बारसे चोपन्नाव्या दिवशी झाले. बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. तो मोडता येत नाही. तानीने बाळाच्या कानाशी तोंड नेले, बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले, आणि नाव काय म्हणून सगळ्यांनी एकदमच विचारले.

“ज्याचं हाय त्याला सांगितलाय,” तानी म्हणाली आणि घुगऱ्या वाटायला उठली.

बायका रागावल्या. दोघींनी घुगऱ्या घेतल्या नाहीत, एकीने घेतल्या पण बोलली नाही. तानीचे तोंड मात्र उघडले नाही. सबंध वाडीत असे पहिल्यांदाच घडत होते, त्यामुळे तिच्यावर नजर ठेवण्यात आली आहे.

मुलगा आता अडीच वर्षांचा आहे. त्याचे नाव जगात चौघांना माहीत आहे आणि चौघांपैकी एकालाच ते नीट उच्चारता येत नाही, कारण त्या चौथ्याची, म्हणजे मुलाची, जीभ अजून वळायची आहे. सरकारी रकाना अजून कोरा आहे. नाव नोंदवले की ते रजिस्टरात जाते, रजिस्टर टेबलावर असते, आणि टेबलाच्या पलीकडच्या माणसालाही भाच्या असतात. दर महिन्याला स्नेहलताईचा निरोप येतो की वरून विचारणा होते आहे, आता भरायलाच हवे. पंढरी म्हणतो, भरतो. पण आजूबाजूला कोणी अवघडलेली बाई नसेल असा दिवस बघून भरतो. असा दिवस दोन तालुक्यांत मिळून अजून उगवलेला नाही.

ते नाव इथे छापलेले नाही, याबद्दल वाचकांनी राग मानू नये. तुमच्यावर अविश्वास आहे असे नाही. पण ऋव्यान हा शब्द पहिल्यांदा आला तेव्हा तुम्ही वाचता वाचता थांबलात, मनातल्या मनात तो कोणाच्या तरी आडनावापुढे लावून पाहिलात, आणि चार अर्थांपैकी एक निवडूनही झाला. सूर्याचा पहिला किरण असावा. बहुतेकांनी तोच घेतला. तेव्हा एकोणचाळिसाव्या ऋव्यानाचे अभिनंदन. हरकत घेण्याची मुदत संपलेली आहे.