पदवीची मोजणी

गणिताची पदवी नीट आखली तर माणूस पुढे कुठंच अडकत नाही, असं वृषालीचं ठाम मत होतं. ती मत मांडायची तेही सिद्धता पूर्ण करून खाली रेघ ओढल्यासारखं. विषय संपला!

श्रीगोंद्याजवळच्या वस्तीवरची ही मुलगी नगरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला पोचली होती. आता विषय निवडायचे होते. रिअल अ‍ॅनालिसिस आणि अल्जिब्रा घेतलं की पुढे एम.एस्सी.चं दार उघडतं. संख्याशास्त्र आणि प्रोग्रामिंग घेतलं की नोकरीचं. वृषालीने दोन्हीकडचे विषय असे गुंफले होते की वर्षाच्या शेवटी वाटेल त्या दाराने बाहेर पडावं. "लवचिक पदवी!" असं ती म्हणायची, गारुड्याने टोपलीवरचं झाकण उचलावं तशा थाटात.

अडचण एकच होती. आप्पा! म्हणजे तिचे वडील, गोरक्षनाथ. विषय दोघांनी मिळून ठरवायचे, असा शब्द घेऊनच त्यांनी तिला हॉस्टेलला ठेवलं होतं. आणि त्यांचं एकच पालुपद होतं.

"नोकरीचे इषय घे अन् मोकळी हो. दोन टेंपोत एकदम बसता येतं व्हय?"

"आप्पा, बसायचं नाही! दोन्ही टेंपो थांबवून ठेवायचे!"

"डायवर काय आपले पावणे हायेत?"

तिने कागदावर आकृती काढून दाखवली. आप्पांनी कागद उलटा धरला, मग सुलटा धरला आणि परत दिला. "कागदावर समदंच सरळ दिसतंय. वावरात उतरल्याबिगर काय कळत न्हाई."

शास्त्र शिकलेल्या मुलीला असलं बोलू नये. ती ते सूचना म्हणून घेते.

विषय ठरवायला ती हॉस्टेलवरून घरी आली होती, आणि ते कायम, म्हणजे ‘लॉक’ करायला कॉलेजचं पोर्टल त्या दिवशी संध्याकाळपर्यंतच उघडं होतं. सकाळी आप्पा गोठ्यात असताना वृषाली कांदा निघालेल्या मोकळ्या वावरात उतरली. कबड्डीच्या सामन्यातून उरलेली चुन्याची फक्की, सुतळी, खुंट्या आणि मोजपट्टी घेऊन! वर्तुळ म्हणजे वर्तुळच हवं, म्हणून खुंटीला सुतळी बांधून तिने एकेक विषय गोल काढला. विषयाकडून विषयाकडे बाण ओढले. एका टोकाला नोकरी, दुसऱ्या टोकाला एम.एस्सी. दोन्ही टोकांना काठी रोवून आईच्या जुन्या लुगड्याचं लाल फडकं बांधलं. आकृती अशी देखणी उतरली की तिचं तिलाच भरून आलं! मग विषयांच्या नावाच्या पाट्या करायला ती घरात पळाली.

तेवढ्यात बांधापलीकडून रंभाजी आले.

रंभाजी म्हणजे शेजारचे वावरवाले. या बांधावरून दोन्ही घरांचं इतक्या वर्षांचं भांडण होतं की ते नसतं तर एकमेकांशी काय बोलावं हे त्यांना सुचलं नसतं. आता त्यांना काय दिसलं? खुंट्या, सुतळी, पांढऱ्या रेघा आणि लाल फडकी. त्यातलं एक फडकं तर बांधाला चिकटून! आमच्याकडे बारक्या पोरालाही याचा अर्थ कळतो. जमिनीची मोजणी झाली!

"ए गोरक्ष! भाईर ये! नोटीस न्हाई, शेजाऱ्याला बोलवनं न्हाई, चोरून मोजनी करतो व्हय रं?"

आप्पा शेणाच्या हातानेच धावत आले. रेघा बघून त्यांचे डोळे दुधाच्या बरणीच्या झाकणाएवढे झाले.

"मी? माज्या वावरात फक्की तूच मारली आसशील! मी गोठ्यात हाय बघून!"

"माजं फडकं लुगड्याचं आसतंय का?"

"मला काय म्हाईत तू कशाचं वापरतो!"

रंभाजींच्या चांगुणाबाई आल्या, वृषालीची आई रतनबाई आली. रतनबाईंनी लुगडं ओळखलं, पण कुणी ऐकेल तर ना! शेवटी पोलीस पाटील अंगदराव मोटारसायकलवरून आले. त्यांनी गॉगल न काढताच पाहणी केली.

"ह्या गोल खुना बोअरच्या दिसत्यात. अन् ह्या बाणानं पाइपलाईन चाललीया."

"एवढ्या बोअरी?" चांगुणाबाई किंचाळल्या. "आमची हीर कोरडी पाडतो का काय हा बाबा!"

तेवढ्यात वृषाली पुठ्ठ्याच्या पाट्या घेऊन आली आणि जागीच थबकली. तिच्या अल्जिब्रात पोलीस पाटील उभे होते.

"अहो काका, ही मोजणी नाही! ही माझी डिग्री आहे!"

सगळ्यांनी आधी पायाखालच्या रेघांकडे बघितलं, मग वृषालीकडे.

वृषालीने पाट्या लावल्या. एकेका वर्तुळात उभी राहून समजावून सांगितलं. गणित शिकवायला एवढी गर्दी तिच्या सरांनाही कधी मिळाली नव्हती! अंगदराव मान हलवत होते. रंभाजी मात्र एम.एस्सी.च्या काठीला टेकले.

"ते समदं खरं. पन तुजी ही एमेस्सी माज्या बांधाला टेकलीया. फुटभर तिकडं घे."

"काका, जागेला काही महत्त्व नाही! कोण कुणाला जोडलंय एवढंच महत्त्वाचं!"

"जागेला म्हत्व न्हाई?" रंभाजी आणि आप्पा एकदमच ओरडले. कित्येक वर्षांत त्यांचं पहिल्यांदा एकमत झालं.

मग आप्पा हळूच संख्याशास्त्राच्या वर्तुळात जाऊन उभे राहिले. कपाळाला आठी.

"पोरी, समज तू नोकरी धरली. अन् चार वर्सांनी वाटलं, फुडं शिकावं. तर हितनं तिकडं वाट हाय का? का कायमचं कोंडून बसायचं?"

तेव्हा वृषालीला कळलं की आप्पांना दोन टेंपोंची भीती नव्हतीच. आपली पोर कुठंतरी अडकेल आणि आपल्याला तिथं पोचता येणार नाही, याची होती.

"आहे की, आप्पा! संख्याशास्त्रातसुद्धा एम.एस्सी. असते. मी तो बाण काढलाच नव्हता, पसारा नको म्हणून."

"काढला न्हाई कसा?" अंगदरावांनी आता गॉगल काढला. "परत्येक वावराला वहिवाट पायजे! कुनाची वाट अडवता येत न्हाई. मार फक्की!"

वृषालीने फक्की मारली. आप्पा त्या रेघेवरून सावकाश चालत गेले, नवं वावर घेतल्यासारखे. टोकाला पोचले, वळले, परत आले.

"जाता येतंय," ते म्हणाले. "यायलाबी येतंय. कर तुजं ते लॉक!"

वृषाली पाण्याच्या टाकीवर चढली, कारण रेंज फक्त तिथंच! वरून तिने आरोळी ठोकली, "झालं!" खाली टाळ्या पडल्या. रंभाजींनीही वाजवल्या, ओघात!

इथंच गोष्ट संपली असती तर फार बरं झालं असतं. पण आप्पांना आनंद आवरेना. "आता माणसं जमलीच हायेत, तर सरकारी मोजनी करून टाका," अंगदराव म्हणाले, आणि आप्पा छाती फुगवून बोलून गेले, "व्हय! करू की! माजं काय जातंय?"

रीतसर अर्ज झाला, नोटीस आली, मोजणीवाले आले. त्यांनी यंत्र लावलं, खुंट्या ठोकल्या. बांध चुकीच्या जागी निघाला. एम.एस्सी. सगळी आणि रिअल अ‍ॅनालिसिस निम्मं रंभाजींच्या हद्दीत गेलं!

आता तिथं मेथी आहे. वृषाली घरी आली की भाजी आणायला आई तिलाच पाठवते आणि चांगुणाबाई जुडी देताना हटकून म्हणतात, "ये गं, कवाबी ये. तुजीच वहिवाट हाय!"

आप्पा अजून पदवीचं कौतुक करतात, नाही असं नाही. फक्त बांधावर उभे राहिले की पलीकडच्या मेथीकडे बघत एक सुस्कारा सोडतात.

"नुसत्या नोकरीपुरती आखली आसती, तर पार बांधापत्तोर आली नसती, अन् मोजनीबी निघाली नसती!"