धनसिंगकाकांची गळकी नाव

धनसिंगकाका नावेत पाणी भरतात. नाव पाण्यात सोडत नाहीत, पाणी नावेत सोडतात. अंगणात कडुनिंबाखाली ओंडक्यांवर चढवलेली एक म्हातारी शिडाची नाव आहे. विहिरीची मोटार लावून ते ती काठोकाठ भरतात आणि हातात गेरूचा खडा घेऊन, वाकून, तिच्याभोवती घिरट्या घालतात. थेंब दिसला की तिथे गोल.

"पानी चोर हाये, बापू. नाव पान्यात असली का तो आत कुठून शिरला ते समजत नाई. म्हनून आधी त्याले घरात कोंडावं, मंग कोन्या फटीतून पळते ते पाहावं."

माझा जाहीर सवाल असा की यवतमाळ जिल्ह्यात शिडाची नाव हवी कशाला? आमच्याकडे समुद्र फक्त भूगोलाच्या पुस्तकात येतो. पण काकांनी उमेदीची सगळी वर्षं मुंबईत, नावांच्या एका क्लबात पहारेकरी म्हणून काढली. निवृत्त होताना भंगारात निघालेली ही नाव मागून घेतली आणि कापसाच्या गाठी पोचवून रिकाम्या परतणाऱ्या ट्रकवर टाकून बाभुळगावच्या पुढे आमच्या वस्तीत आणली. काका बंजारा. त्यांचे पूर्वज बैलांवर मीठ लादून, लदेणी करत मुलूखभर फिरले. "आज्यानं बैलावर मीठ आनलं, म्या ट्रकवर नाव आनली. लदेणीच झाली ना?"

मी या वस्तीत नळासाठी लढतो. पत्रकं लिहितो, वाटतो, सभा घेतो. माझ्या सभेला मी, माईकवाला आणि सावली शोधत आलेली एखादी शेळी. काकांच्या अंगणात मात्र अख्खी वस्ती. वर तिथली पद्धत अशी की ज्याला थेंब पहिल्यांदा दिसला, त्याच्या नावाने ते गळणं. शांताबाईचं गळणं, पोस्टमनचं गळणं, तिरळ्या बबनचीसुद्धा दोन. माझ्या नावाचं एकही नाही. मी वाकून पाहिलं नव्हतं असं नाही.

फटी बुजवायला कापूस लागतो. त्याची लांब वात वळायची, फटीत ठोकायची, वरून जवसाच्या तेलात शिजवलेली राळ. कापूस आमचा, जवस आमचं, वाती वळणारे हात आमच्या बायकांचे. नाव दुरुस्त करायला आमच्यासारखा जिल्हा नाही. पाण्याचं तेवढं पाहावं लागेल.

माझी माय आजवर माझी पत्रकं दुमडायची. आता ती भर दुपारी मांडीवर हातभर लांब वाती वळते.

"माय, पत्रकं?"

"थांब ना रे. शांताबाईच्या वातीपक्षा माही घट्ट झाली पायजे."

"नावेले वाती? कोन्या देवाची पूजा हाये हे?"

"देवाले लाख वाती वाह्यल्या. त्यानं कुठं नळ देल्ला?"



डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा जुन्या झाल्या होत्या. काका त्यांच्यावरून कापसाचा बोळा फिरवायचे. जिथे तंतू अडकला, तिथे तारेचा पदर तुटलेला. "डोये काय पाहतीन? कापसाले इचारा!" लोक टाळ्या वाजवायचे. मी वर्षानुवर्षं पाईपलाईन कुठे फुटली ते ओरडून सांगतोय. टाळी सोडा, कोणी खाकरत नाही.

शेवटी मी पत्रक काढलं: 'जनतेला थेंब नाही, नावेला विहीर!' काकांनी चष्मा लावून ते वाचलं. "अक्षर मोठं पायजे होतं, बापू," म्हणाले आणि मला मागे नेऊन दाखवलं. विहिरीचं पाणी गढूळ, पिण्याच्या कामाचं नाही आणि नावेतून सोडलं की सरळ सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वाफ्यात. वर एक जुडी हातात दिली. मायने वड्या केल्या. चांगल्या झाल्या होत्या, हा आणखी एक अन्याय.

परवा बातमी आली की नावेचं गळणं थांबलं. रविवारी ट्रॅक्टरवर घालून जवळच्या धरणात सोडणार. माझ्याइतका आनंद कोणाला झाला नसेल. सोमवारी तहसीलवर माझा घागर मोर्चा. नाव गेली की वस्ती मोकळी. मायनेही कबूल केलं, मी पुढं चालीन म्हणून.

शनिवारी दुपारी सगळे वेचणीला गेलेले. ट्रॅक्टरचं नक्की करायला मी काकांकडे गेलो. ते नावेखाली बसून लोखंडी आकड्याने एका बुजलेल्या फटीतली वात उपसत होते.

"काका! गळून राह्यलं काय?"

"नाई."

"मंग उपसून कायले राह्यले?"

त्यांनी आकडा लपवला नाही. "उद्या सोडली का झालं ना, बापू. सोमवारी मंग कोन येईन?"

"बसाले येतीन ना सारे!"

"बसाले एक डाव येतीन. गळलं का रोज येतात." त्यांनी आकडा पुन्हा फटीत घातला. "मुंबईत म्या फाटक उघडलं का सारे नावेत जायचे. मले कोनी 'चल' म्हनलं नाई. इथं आलो, त तांड्यातही वळखे ना कोनी. हे नाव गळाले लागली अन् तुही माय चहा घेऊन आली."

माझ्याकडे भाषण तयार होतं. जनतेच्या श्रमाची फसवणूक, विश्वासघात, निषेध. काका उपसलेली वात बोटाभोवती गुंडाळत होते, न तुटेल अशी. "हे तुह्या मायची. तिची वात लवकर निंगत नाई." मला त्या वातीचा कधी नव्हे इतका हेवा वाटला, आणि भाषण न करताच मी घरी परतलो.

संध्याकाळी माय वेचणीहून आली. ओटीतला कापूस सोडत म्हणाली, "उद्या सोडतेत ना नाव?"

"नाई," मी म्हणालो. "मांगच्या अंगानं अजून गळते."

"अगं बाई! मंग सोमवारी तुहा मोर्चा?"

"पाहू."

ती केव्हाच सरकी काढायला बसली होती. "उभा काहून? शांताबाईले आवाज दे."

मी बाहेर पडलो. शांताबाईला हाक मारली, पोस्टमनला मारली, बबनला मारली. माझ्या सभेसाठी मी एवढ्या जोरात कधी ओरडलो नव्हतो.