टॉफीचा आवाज

होसिया बॅटल रविवारचं वर्तमानपत्र घेऊन स्वयंपाकघरात आला आणि त्याने ते बायकोच्या पिठाच्या ओट्यावरच पसरलं. अर्नेस्टीन बिस्किटांची कणीक मळत होती. रंगीत पानावर नव्या कार्टून मालिकेचं चित्र होतं, ‘रॉडीचं घर’ नावाच्या. त्यात लाल केसांचा रॉडी, त्याचे आईवडील आणि कुत्रा होता. कुंपणापलीकडे एक काळी मुलगी उभी होती. कमरेवर हात, गरगरीत डोळे, चेहऱ्याहून मोठं तोंड, दुसऱ्या हातात कोंबडीची तंगडी. तिचं नाव टॉफी.

त्यांची नात चरीस या मालिकेत आवाज देते, एवढं दोघांना ठाऊक होतं. कुणाचा, ते मालिका सुरू होईपर्यंत सांगायचं नाही असं तिला बजावलेलं होतं. पण होसियाला कुणी सांगायची गरज नव्हती. चित्रात काळी मुलगी एकच होती.

“ही आपली चरीस,” तो म्हणाला.

अर्नेस्टीनने पिठाचे हात पुसून चित्र बराच वेळ पाहिलं. मग तिने विचारलं, “आणि तुला ही चालणार?”

प्रश्न साधा नव्हता. लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागात होसियाने तीस वर्षं बस चालवली, तीन मुलं वाढवली, आणि त्या मुलांना एकही कार्टून धड शेवटपर्यंत बघू दिलं नाही. पडद्यावर असा चेष्टेसाठी काढलेला काळा माणूस आला, की तो उठून टीव्ही बंद करायचा. “हे आपण नाही,” एवढंच म्हणायचा. मुलं शेजाऱ्यांकडे जाऊन उरलेलं बघायची. असा हा माणूस आता चित्राकडे बघून म्हणाला, “लहान पोर आहे. भूक लागली असेल.”

त्याच दिवशी चर्चमध्ये त्याने ब्रदर पर्नेलला बातमी दिली. दोघेही डीकन, म्हणजे चर्चच्या कामात पाद्रींचे मदतनीस, आणि दोघेही नातवंडांबद्दल बोलायला लागले की पाद्रीसुद्धा घड्याळ बघायचे. पर्नेलचा नातू बेसबॉलच्या संघात होता आणि वर्षभर बाकावर बसून होता, तरी पर्नेल त्याच्याबद्दल असं बोलायचा की जणू बाक त्यानेच शोधून काढला. होसियाने आपली बातमी सावकाश, दोनदा सांगितली. पर्नेलने चित्र निरखलं आणि म्हणाला, “ब्रदर होसिया, माझ्या नातीच्या वाढदिवसाला टीव्ही बंद केला होतास तू. याच्यापेक्षा साध्या चित्रासाठी.”

तिथून होसियाची अडचण सुरू झाली. कुणी तोंडाच्या आकाराबद्दल बोललं, की तो म्हणायचा, मोठ्या तोंडातून आवाज स्पष्ट येतो. कुणी डोळ्यांबद्दल बोललं, की म्हणायचा, पोरीची नजर चौफेर आहे. बोलता बोलता तो इतका पुढे गेला, की पहिला भाग सगळ्यांनी मिळून बघायचा, चर्चच्या तळघरात, असं त्याने जाहीरच करून टाकलं. चर्चमधल्या बायकांनी, म्हणजे सिस्टर्सनी, तळलेले मासे आणि रताळ्याची गोड पेस्ट्री करायचं ठरवलं. मेहुण्याच्या छपाईच्या दुकानात सगळ्यांसाठी टॉफीचे टीशर्ट छापायला टाकले गेले. तंगडी मात्र होसियालाही झेपेना. ती काढून तिथे पुस्तक घाल, असं त्याने मेहुण्याला सांगितलं. पुस्तक काही नीट जमलं नाही. शर्टावरची टॉफी मोठं सँडविच घेऊन उभी राहिली.

महिन्याभराने, मालिकेच्या पहिल्या शनिवारी सकाळी, तळघर भरलं. म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत प्रत्येकाच्या छातीवर टॉफी होती. चरीस यायची होती, पण गाडी लावायला जागा मिळत नव्हती म्हणून तिला उशीर होत होता.

मालिका सुरू झाली. रॉडी पलंगावरून घसरला, उठला, आणि आईला म्हणाला की आज मला शाळेसाठी जरा जास्तच ताप आलाय. पोरं हसली. अर्नेस्टीनने नवऱ्याचं मनगट पकडलं.

“होसिया, तो पोरगा म्हणजे आपली चरीस आहे.”

“काहीतरीच. तो गोरा आहे.”

“मी तिला वाढवलंय. शाळा बुडवायची असली की ती याच आवाजात बोलायची.”

तेवढ्यात कुंपणावरून टॉफीने डोकं काढलं. मान डावीकडे गेली, उजवीकडे गेली, आणि तोंडातून जो आवाज आला तो त्या तळघरात कुणाच्याही घरचा नव्हता. आपल्या लोकांना फक्त चेष्टेतून ओळखणाऱ्या माणसाने काढलेला होता. सिस्टर्सच्या हातातले काटे थांबले. होसिया उठला आणि नेहमीच्या सवयीने टीव्हीकडे गेला. बटणावर बोट ठेवलं, तोच रॉडी बोलला. आता होसियालाही ओळख पटली. टॉफीला बंद करायचं तर नातही बंद होणार होती. तो तसाच बटणावर बोट ठेवून उभा राहिला आणि मागची पोरं ओरडू लागली, की आजोबा, खाली बसा, दिसत नाहीये.

मालिका संपेपर्यंत चरीस येऊन दाराशी उभी होती. समोर साठ छात्यांवर साठ टॉफी होत्या. मग तिने सगळं सांगितलं.

“मी टॉफीसाठीच गेले होते, आजोबा. त्यांनी दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, आवाजावरून तू काळ्या मुलीसारखी वाटत नाहीस. मग मी निघता निघता गंमत म्हणून रॉडी वाचला.”

आधी कोपऱ्यातून कुणीतरी हसलं. मग सगळं तळघर हसलं, पर्नेल तर डोळे पुसून हसला. टॉफीचा आवाज कोण देतं, असं विचारल्यावर चरीस म्हणाली, नेब्रास्काच्या एक गोऱ्या ग्लेंडाबाई आहेत, स्वभावाने चांगल्या आहेत, मला रोज डोनट आणतात.

होसिया हसला नाही. ज्याच्यासाठी आयुष्यभर टीव्ही बंद केला, त्याचीच वकिली त्याने आठवडेच्या आठवडे केली होती, तीही ग्लेंडाबाईंच्या वतीने. पण घरी जाताना गाडीत त्याच्या मनात एक एक गोष्ट बसत गेली. मालिका रॉडीची. घर रॉडीचं. सगळे रॉडीशीच बोलतात. म्हणजे त्या अख्ख्या घराचा कारभार चरीसच्या गळ्यावर चालतो. घर येईपर्यंत त्याची पाठ पुन्हा ताठ झाली होती.

पुढच्या शनिवारी पोरं स्वतःहून आली, तेच शर्ट घालून. चरीसही आली. होसिया टीव्हीशेजारी खुर्ची टाकून बसला. रॉडी बोलला की आवाज मोठा, टॉफीने तोंड उघडलं की आवाज बंद. पण मग गोष्टच कळेना. पडद्यावर मान हलतेय, तोंड चाललंय, आणि तळघरात शांतता. पर्नेलची नात ओडेसा पुढेच बसली होती. तिला ती शांतता सहन झाली नाही. टॉफीचे ओठ हलले की ती मनाला येईल ते बोलू लागली. आधी पोरांनी तिला गप्प करायला बघितलं, मग पोरंच गप्प झाली.

रॉडी चिखलाने माखलेली सायकल घेऊन कुंपणाशी आला. म्हणाला, “टॉफी, एवढी पुसून देतेस?”

होसियाने आवाज बंद केला. टॉफीची मान झुलली.

“तुझी सायकल तूच पूस,” ओडेसा शांतपणे म्हणाली. “मी अभ्यास करतेय.”

होसियाने आवाज मोठा केला. रॉडीने खाली बघितलं आणि चरीसच्या आवाजात म्हणाला, “बरोबर आहे तुझं. मी विचारायलाच नको होतं.”

मुळात टॉफी काय बोलली होती ते तिथे फक्त चरीसला ठाऊक होतं, आणि तिने ते कुणाला सांगितलं नाही. ती ओडेसाकडे बघत टाळ्या वाजवत होती, आणि तिच्यामागून सगळे वाजवत होते.

होसिया पर्नेलकडे वळला. “पोरगा चांगल्या घरातला दिसतो,” तो म्हणाला.

पर्नेलने छातीवरचा शर्ट नीट केला.

“शेजारही चांगला मिळालाय त्याला.”