लुकलुकणारी पेटी

टेबलावर होतं ते असं: एक जुना लॅपटॉप, त्यात मी स्वतः टाकलेलं लिनक्स, फोनवरून चालू-बंद होणारा एक वायफायचा प्लग, साठ वॅटचा एक बल्ब, थर्माकोलची एक पेटी, एक तापमापक आणि बदकाची बारा अंडी. बदकाला कुत्र्याने नेलं होतं. मागे राहिली ती एवढीच, म्हणून आत्या झोपमोड करून बल्ब चालू-बंद करत होती. बल्ब चालूच राहिला तर पेटी सेहेचाळीस अंशांवर जाई. बंदच राहिला तर खोलीइतकी, म्हणजे एकोणतीस. अंड्यांना हवे होते साडेसदतीस.

"आत्या, आजपासून तू निवांत झोपायचं. डॅशबोर्ड बसवतो. पंप, प्रिंटर, तुझा बल्ब, सगळं एका पानावर. फोनवर बोट लावलं की झालं."

"अंडी उकडू नकोस, म्हणजे मिळवलं."

संध्याकाळी आत्याच्या फोनवर पान उघडलं. प्रत्येक चौकटीत हिरवा ठिपका. बाबा जो भंगारात देणार होते, तो लॅपटॉप आता अख्ख्या घराची नाडी बघत होता. मीच बघत राहिलो.

मग बल्ब विझला. मिनिटाने लागला. मिनिटाने पुन्हा विझला.

"होल्डर ढिला असेल," बाबा म्हणाले. होल्डर बदलला, बल्ब बदलला, वायर बदलली. ढिम्म फरक नाही.

"बाबा, तुमच्या फोनवर पान उघडा, काय दाखवतंय बघू."

त्यांनी उघडलं, लुकलुक वाढली. मीही उघडलं, तर पेटी लग्नाच्या मांडवासारखी चमकू लागली. समोरचा शिंपी दुकान सोडून आला. "खिडकीतून कोण खुणा करतंय? मी दोनदा हात हलवला."

"याच्या शिक्षणाचा उजेड आहे तो," म्हणत बाबांनी पान बंद करून फोन खिशात टाकला. लुकलुक मंदावली.

"बाबा, पुन्हा उघडा." वाढली. "बंद करा." मंदावली.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. हिरवा ठिपका दाखवायचा तर प्रत्येक उघडं पान दर मिनिटाला बल्बच्या पत्त्यावर जाऊन 'आहेस का?' विचारत होतं. आणि मी पत्ता दिला होता तो थेट बटणाचा. विचारपूस झाली की बटण दाबलं जाई: चालू बल्ब बंद, बंद बल्ब चालू.

माझं पान मिटून मी सेटिंग शोधायला बसलो. त्यात तास गेला. उघडा राहिला तो फक्त आत्याचा फोन.

"सापडलं, आत्या. आता दुरुस्त करतो."

"हात लावून तर बघ." ती पेटीवर वाकली होती. "मघापासून हा आकडा हललेला नाही."

साडेसदतीस. मी कागदावर मांडून पाहिलं. बल्ब निम्मा वेळ चालू, म्हणजे ऊब निम्मी. एकोणतीस आणि सेहेचाळीस यांच्या बरोबर मध्ये साडेसदतीस. ठरवून मला हे कधीच जमलं नसतं.

आत्याने फोन चार्जरला लावून पेटीला टेकवून ठेवला आणि सगळ्या नातेवाइकांना बाबांच्या नंबरवर बोलायला सांगितलं. "आणि तू रे शास्त्रज्ञा, आता दुसरं काहीतरी बिघडव."

ती घोरू लागली. मी प्रिंटरकडे वळलो.

अंडी बारा. पिल्लं अकरा.