सगुणा शेकरूचा दुसरा धडा

तर बाळांनो, एका जंगलात एक पाणवठा होता आणि त्या पाणवठ्याला चक्क दार होतं. सिंहमहाराजांना शिस्तीचा भारी सोस. ज्याचं नाव पुकारलं जाईल, त्यानंच पाणी प्यायचं. सगुणा नावाची शेकरू दिवसभर नावं पुकारायची, दार उघडायची, दार लावायची. त्या बदल्यात शेजारच्या जांभळीवरची ढोली तिची.

एक दिवस महाराजांनी नावं पुकारणारं आणि दार उघडणारं एक यंत्र आणलं. लिहिलेला हुकूम ते शब्दशः पाळायचं.

"महिन्याभरात याची भाषा शिक," महाराज म्हणाले, "नाहीतर ढोली रिकामी कर."

सगुणा कोल्होबांच्या शिकवणीला गेली. कोल्होबांनी यंत्राकडून 'नमस्कार, जंगला' एवढं वदवून घेतलं आणि लगेच प्रमाणपत्रं वाटली. पहिलं स्वतःलाच घेतलं.

"आणि पुढचं?" सगुणानं विचारलं.

"पुढचं ज्याचं त्यानं करायचं असतं," कोल्होबा म्हणाले. खरं तर पुढचं त्यांनाही येत नव्हतं.

मग ती एकटीच बसली. तिनं लिहिलं, 'हत्तीला पुकार. पाणी पाज. पुन्हा पहिल्यापासून.' थांबायचं कधी, ते लिहायचं राहिलं. यंत्र पुकारत राहिलं आणि बिचारा हत्ती सरकारी हुकूम म्हणून पीत राहिला. तळातलं कासव उघडं पडलं, तेव्हा कुठे तिला चूक कळली.

झऱ्यानं पाणवठा पुन्हा भरला, तसं तिनं नव्यानं लिहिलं. 'जर पोट भरलं, तर पुढचं नाव घे. जर यादी संपली, तर थांब.' अर्ध्या तासात सगळं जंगल पाणी पिऊन मोकळं झालं. सगुणाला आनंदानं रडूच आलं.

महाराजही खूश झाले. "यंत्रच सगळं करतं म्हटल्यावर तुझं काय काम? ढोली सोड. यंत्रावर कोल्होबा बसतील. त्यांच्याकडे प्रमाणपत्र आहे."

सगुणा बोचकं उचलून पलीकडच्या डोंगरावर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दार उघडेना. कोल्होबांनी बरीच खटपट केली. यंत्र अदबीनं म्हणालं, 'नमस्कार, जंगला.' दार फोडावं, तर नियम महाराजांचाच. तिसऱ्या दिवशी महाराजांची जीभ टाळूला चिकटली, तसे ते स्वतः डोंगर चढून गेले.

"सगुणाताई, चला. ढोली कायमची तुमची."

सगुणा ढोलीत शिरली आणि दार आपसूक उघडलं. तिनं यंत्रात सगळ्यात वर लिहून ठेवलं होतं, 'जर सगुणा ढोलीत नसेल, तर दार उघडू नकोस.' ओळ अगदी उघड्यावर होती. पण 'जर' दुसऱ्या धड्यात येतो आणि कोल्होबांचा पहिलाच झाला होता.

तात्पर्य: विद्या दिल्यानं वाढते. म्हणून पहिला धडा सगळ्यांना द्यावा आणि दुसरा आपल्या ढोलीत ठेवावा.