सरनौबत तुळाजीराव यांनी बारा ग्रंथ वाचावयाचा पण केला त्याची हकीकत

श्रीवाग्देवी प्रसन्न असो आणि ऐकणाराचे चित्त ठिकाणी असो. शके सोळाशे ऐंशी, बहुधान्यनाम संवत्सरी, चैत्र शुद्ध प्रतिपदेपासोन एका राज्यात, ज्याचे नाव सांगावयाची आज्ञा नाही, जे वर्तमान घडले ते जैसे ऐकिले तैसे लिहिले आहे. त्या राज्याचे सरनौबत तुळाजीराव वाघचौरे म्हणोन होते. वय साठीचे, अंगावर सात जखमा, आणि दरबारी महाराजांचे उजवे हातास पहिली बैठक त्यांची. ऐसा थोर पुरुष, परंतु लहानपणी चार अक्षरे गिरविली ती घोड्याचे टापांखाली गेली, आणि पुढे कागद आला की आपण शिक्का करावा आणि दुसऱ्याने वाचावे, ऐसा परिपाठ पडला. पाडव्याचे दरबारी महाराजांनी एक पत्र सहज त्यांचे हाती दिले आणि वाचावयास सांगितले. तुळाजीरावांनी ते तसेच चिटणीस आबाजी नारायण यांजकडे केले, तेव्हा चिटणीस बोलिले, "सरनौबतांनी शत्रूचे कान पिळिले, अक्षराचा काना मात्र त्यांस सापडेना." दरबार हसला, महाराजही किंचित हसले, आणि ते हसणे तुळाजीरावांस भाल्याहून अधिक लागले. मग ते उठोन मुजरा करोन बोलिले, "येत्या पाडव्यापावेतो बारा ग्रंथ आम्ही स्वतः वाचू. दुसऱ्याने वाचिलेले ऐकू ते धरणार नाही. बारा न जाहले तर ही बैठक सोडू." महाराज म्हणाले, "बारा कशास? एक वाचा, पुष्कळ आहे." तुळाजीराव म्हणाले, "मोहिमेस निघालो तर एक ठाणे घेऊन आम्ही कधी परतलो नाही."

घरी सून दर्याबाई होती. सरनौबतांचा पुत्र रणात पडला त्यास सहा वर्षे जाहली होती, आणि सून सासरीच मानाने राहात होती. तिला माहेरी चुलत्याने बाळबोध वाचावयास शिकविले होते. तुळाजीराव तिजपुढे पाट मांडोन बसले आणि म्हणाले, "सूनबाई, आम्हांस शिकवा." ती म्हणाली, "शिकवीन, मामंजी, पण चुकलात तर बोलेन. रागवायचे नाही." ते म्हणाले, "रागावलो तर त्या दिवशी जेवणार नाही." मग पहिल्या महिन्यात ते दोन वेळा उपाशी राहिले, आणि पुढे तशी पाळी आली नाही. रोज सकाळी नाकावर चाळिशी लावोन ओसरीवर बसावे, पानावर बोट ठेवावे, आणि अक्षर अक्षर जोडीत पुढे जावे. पहिला ग्रंथ घोड्यांचे परीक्षेचा घेतला, तो महिन्यात संपला, आणि त्यात तीन चुका काढोन म्हणाले, "हा ग्रंथकर्ता घोड्यावर बसलेला दिसत नाही." दुसरा पाकशास्त्राचा, तिसरा एका राजाचे वनवासाचा. दरबारातील स्नेह्यांनी पाच पाच पानांच्या पोथ्या पाठविल्या, की संख्या लवकर भरावी. त्या सरनौबतांनी परत केल्या आणि निरोप दिला, की किल्ला मागितला असता गोठा दाखवू नये.

चौथा ग्रंथ आषाढात हाती आला, तो केतकीगडची हकीकत. गड शत्रूचा असता सत्तावीस वर्षांमागे तुळाजीरावांनीच घेतला होता. डोंगरातून गडावर पाण्याचा पाट येत असे, तो त्यांनी तोडिला, आणि अकरावे दिवशी गड हाती आला. त्या विजयाचा पोवाडा दरवर्षी दरबारी होत असे. म्हणोन मोठ्या हौसेने म्हणाले, "ही तर आमचीच लढाई." परंतु हकीकत लिहिणारा गडावरील गुरव होता, आणि पोवाड्यात जेथे पाणी तोडिले एवढेच होते, तेथे यात दीड पान नावे होती, तहानेने मेले त्यांची. पुराणिकाने वाचिले असते तर एका दमात नावे निघोन जाती. तुळाजीरावांस ते येत नव्हते. ते एकेक अक्षर लावीत आणि मग नाव उभे राही, आणि ते माणूस समोर येऊन बसल्यासारखे वाटे. कान्होजी कुंभार, त्याची माय, त्याची लेक, वय वर्षे तीन. तेथे बोट थांबले. मग म्हणाले, "सूनबाई, ही लेक तीन वर्षांची होती. आम्हांस ठाऊक नव्हते." तिने विचारिले, "पुढचे पान लावू का?" ते म्हणाले, "नको. पहिल्यापासून लावा." ऐसा तो ग्रंथ त्यांनी तीन वेळा वाचिला, त्यात दोन महिने गेले. दर्याबाईने एकदा आठवण दिली, की आठ ग्रंथ राहिले आहेत. ते म्हणाले, "राहू द्या. हा अजून झालेला नाही."

मग भाद्रपद सरता महाराजांची रजा घेऊन, पोथी बरोबर घेऊन केतकीगडास गेले. गडावर तीस घरे उरली होती, पाट तसाच तुटलेला, आणि बाया खालून हंडे वाहात होत्या. चिमाऊ म्हणोन एक वृद्ध बाई पायरीवर टेकली होती, तिला त्यांनी आपले नाव सांगितले आणि कशास आलो तेही सांगितले. ती म्हणाली, "माझा भाऊ राणू तांबट. त्याचं नाव हाय का त्यात?" ते म्हणाले, "आहे. दुसरे पानावर, सातवे." ती म्हणाली, "आम्हांला वाटलं, कुणी लिहिलंच न्हाई. वाचून दावा." मग देवळापुढे सारी वस्ती बसली आणि सरनौबतांनी सगळी नावे वाचिली. एका नावाशी अडले, तेव्हा मागून एका म्हाताऱ्याने ते नाव सांगितले, आणि यांनी पुन्हा नीट उच्चारिले. शेवटी चिमाऊ म्हणाली, "माफ केलं म्हणणार न्हाई मी. पण नावं नीट घेतलीत." यावर तुळाजीरावांनी मान लवविली, आणि माणसे लावोन पाट बांधावयास घेतला, आणि स्वतः तेथेच झोपडीत राहिले. मार्गशीर्षात गडावर पाणी चढले, तेव्हा घरी परतले.

पुढे तीन मास झटोन पाच ग्रंथ वाचिले, एकूण नऊ जाहले, आणि पाडवा आला. दरबार भरण्यापूर्वी चिटणीस आबाजी नारायण त्यांस एकीकडे नेऊन म्हणाले, "आमचे हसणे वावगे होते. तीन स्तोत्रे आणिली आहेत, चार चार पानांची. आत्ता वाचा, बारा भरतील, आणि कोणी बोलणार नाही." सरनौबत म्हणाले, "आबाजीपंत, मोजणे भरेल. वाचणे भरणार नाही." मग भर दरबारी नऊ ग्रंथ म्हणोन सांगितले, आणि आपले हाते पहिल्या बैठकीचा लोड उचलोन बाजूस ठेविला. महाराज म्हणाले, "बैठक राखा. आमची आज्ञा आहे." तुळाजीराव म्हणाले, "आज्ञा शिरसावंद्य, परंतु शब्द आधी गेला आहे." आणि शेवटी दारापाशी, कारकुनांचे ओळीत, उजेड बरा होता तेथे जाऊन बसले. दरबारात कोणी हसले नाही. थोड्या वेळाने चिटणीस आपली जागा सोडोन त्यांचे शेजारी येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "दहावा कोणता धरिला आहे?"

एवंच, पण बारांचा होता, ग्रंथ नऊ जाहले, बैठक गेली, आणि केतकीगडास पाणी आले. हे ज्यांनी डोळां पाहिले त्यांनी सांगितले, आणि लिहिणाराने आपले पदरचे काही घातले नाही.