शंकासुर आणि तरंगती अंगठी

विम्याचे दावे तपासण्याच्या नोकरीत माणूस संशयी होतोच. हे गृहस्थ मात्र संशयी होते म्हणूनच त्यांना ती नोकरी मिळाली असावी. कुठे आग लागली की लोक बंब बोलावतात. हे आधी काडेपेटी कुणाची ते विचारत. ऑफिसात त्यांना शंकासुर म्हणत (तोंडावर ‘साहेब’).

अशा माणसासमोर मेहुण्याने जेवणाच्या टेबलावर चमचा हवेत तरंगवला. बायकोने भावाच्या कौतुकाने टाळ्या पिटल्या. (स्वयंपाक शंकासुरांनी केला होता. त्याला एकही टाळी नाही.) झालं! दुसऱ्याच दिवशी ऑफिस सुटल्यावर स्वारी जादूच्या सामानाच्या दुकानात हजर.

“तरंगवायचं ते सामान दाखवा. घ्यायचं की नाही, ते तपासून ठरवीन.”

दुकानदाराने जादूचे पत्ते बघत उभ्या असलेल्या एका बाईंकडून अंगठी मागून घेतली आणि दोन्ही हातांच्या मधे ती अलगद तरंगवली.

“दोरा आहे,” शंकासुर म्हणाले.

“बघा ना साहेब.”

त्यांनी अंगठीच्या वरून हात फिरवला, खालून फिरवला. मग चष्मा सावरून थेट डोकंच मधे घातलं. काही दिसेना.

“मग आहे तरी काय?”

“ते विकत घेतल्यावर सांगतो.”

“म्हणजे आधी फसायचं, मग कसं फसलो ते कळणार!”

तेवढ्यात फोन वाजला. दुकानदार तिकडे वळला, बाई पुन्हा पत्त्यांत रमल्या. “आपण नाही घेत,” असं ठणकावून शंकासुर मान ताठ करून बाहेर पडले.

रस्त्यात लोक त्यांच्याकडे टक लावून बघत होते. एक जण तर बाजूलाच सरकला. शंकासुरांना संशय आला आणि त्यांनी पाकीट चाचपलं. पाकीट होतं. तरी त्यांनी वाट बदलली.

बायकोने दार उघडलं आणि तिची नजर त्यांच्या छातीवर खिळली.

“अहो, ही अंगठी कुणाची?”

शंकासुरांनी खाली पाहिलं. शर्टापुढे वीतभर अंतरावर बाईमाणसाची अंगठी हवेत डुलत होती. ते दचकून मागे सरले. अंगठीही त्यांच्यामागे आली.

“मी… मी नाही आणली! तीच आली!”

बायकोने त्यांना दिव्याखाली धरलं. चष्म्याच्या दांडीपासून शर्टाच्या गुंडीपर्यंत केसाहूनही बारीक दोरा गुंतला होता. सगळी हकिकत ऐकून तिने चपला घातल्या.

“चला. चोर म्हणून पकडून नेण्याआधी आपणच जाऊ.”

दुकानात सगळी कपाटं उपसलेली, बाई रडकुंडीला आलेल्या. अंगठी हातात पडताच त्यांनी ती बोटात घालून मूठच मिटली. दुकानदाराने मात्र शंकासुरांना वाकून नमस्कार केला. “साहेब, तरंगती अंगठी मी दुकानाच्या दारापर्यंतसुद्धा कधी नेऊ शकलो नाही हो!”

परतताना शंकासुर घसा खाकरून म्हणाले, “बाईची अंगठी घेऊन घरी आलो… तुला क्षणभर तरी वाटलं असेल ना? काहीतरी भानगड वगैरे?”

बायको भर रस्त्यात पोट धरून हसली.

“तुमची? अहो, काहीतरीच काय!”

जन्मभर जगावर संशय घेणाऱ्या त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं, की आपल्यावरही कुणीतरी थोडासा घ्यावा.